बरणीतल्या सापाला दुसरा नंबर

२०१९ च्या डिसेंबरातली गोष्ट. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि तिघा परीक्षकांत मी एक होतो. ज्वालामुखी, ठिबक सिंचन, सिरिंजवर चालणारा जेसीबी, पवनचक्की असं नेहमीचं सगळं मांडलेलं होतं. पण गर्दी होती ती कोपऱ्यातल्या एका टेबलापाशी. तिथे सातवीतला एक मुलगा उभा होता आणि त्याच्यापुढे लोणच्याची मोठी प्लास्टिकची बरणी होती. झाकणाला तापल्या खिळ्याने भोकं पाडलेली. आत वेटोळं करून बसलेला, तपकिरी अंगावर पांढरट पट्टे असलेला हातभर साप.

"हा कवड्या आहे सर, बिनविषारी. काकांनी सातारा परिसरातल्या एका बंगल्यातून पकडला. तीन दिवस झाले, आता त्याला सवय झालीय. बघा ना, किती शांत बसलाय!"

मागच्या चार्टवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'साप : शेतकऱ्याचा मित्र'. त्याखाली ओळीने : साप उंदीर खातो, साप दूध पीत नाही, साप डूख धरत नाही, साप बहिरा असतो.

त्याच्यापासून दोन टेबलं सोडून आठवीतली एक मुलगी बसली होती. पैठण रस्त्यावरच्या एका गावातून रोज एसटीने येणारी. तिच्यापुढे फक्त एक दोनशे पानी वही होती. गावात गेल्या काही वर्षांत ज्यांना साप चावला, त्यांच्या घरी जाऊन तिने विचारून विचारून नोंदी केल्या होत्या. दहा-अकरा माणसं असतील. वय, महिना, वेळ, माणूस कुठे होता, झोपलेला की कामात, पायात काय होतं, आधी कुठे नेलं, दवाखान्यात पोचायला किती वेळ लागला, पुढे काय झालं. शेवटच्या रकान्यात दोन ठिकाणी 'वारले' असं होतं. मी वही चाळली आणि तिला विचारलं, "बरं, मॉडेल कुठंय?"

ती म्हणाली, "मॉडेल नाही सर, एवढंच आहे."

आम्ही बरणीला दुसरा नंबर दिला. वहीला काहीच नाही. गुणपत्रिकेवर 'मांडणी व आकर्षकता' असा वीस गुणांचा रकाना होता आणि वहीला त्यात देण्यासारखं आम्हाला काही दिसलं नाही.

हा लेख त्या चुकीबद्दल आहे. चूक माझी होती, पण ती माझ्या एकट्याची नव्हती. आपल्या शाळांमध्ये साप आणि विज्ञान हे दोन शब्द एकत्र आले की आपण अजूनही हेच करतो.

आधी कायद्याचं बोलू, कारण ते सोपं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत मारणं जसं येतं तसं पकडणंही येतं. म्हणजे बंगल्यातून साप पकडून तो दूर नेऊन सोडणं ही सुटका, पण तोच साप तीन दिवस घरात ठेवून चौथ्या दिवशी प्रदर्शनात मांडणं हा गुन्हा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तर नाग आणि धामण पहिल्या अनुसूचीत आले. त्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. विज्ञान प्रदर्शनाच्या सूचनापत्रात 'ज्वालाग्राही पदार्थ आणू नयेत' हे वाक्य मी दर वर्षी वाचलं. 'वन्यप्राणी आणू नयेत' हे मात्र कधी वाचलं नाही.

पण कायदा हा माझा मुख्य मुद्दा नाही. कायदा सांगितला की मुलं आणि पालक मान डोलावतात आणि पुढच्या वर्षी बरणीऐवजी फॉर्मालिनची बाटली आणतात. माझी खरी तक्रार अशी आहे की त्या टेबलावर विज्ञान नव्हतंच.

कवड्या मुख्यतः पाली आणि सापसुरळ्या खातो. म्हणून तर तो माणसांच्या घरात शिरतो. भिंतीवरच्या पालींमागे येतो. चार्टवर लिहिलं होतं, 'साप उंदीर खातो'. म्हणजे बरणीतला साप मागच्या चार्टला खोटं पाडत होता आणि हे ना त्या मुलाला माहीत होतं, ना त्याच्या शिक्षकांना, ना आम्हा तीन परीक्षकांना. दुसरं, साप शांत होता तो सवय झाली म्हणून नव्हे. तो डिसेंबर होता, हॉलची फरशी गार होती. सापाच्या अंगाची ऊब बाहेरून येते. थंडीत तो मंदावतो. 'हा शांत का आहे?' हा त्या बरणीतला एकमेव वैज्ञानिक प्रश्न होता आणि मुलाने त्याचं उत्तर प्रश्न पडायच्या आधीच देऊन टाकलं होतं.

तिसरं, 'साप बहिरा असतो'. हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या घोकतो, कारण त्याने गारुड्याच्या पुंगीची फजिती होते. सापाला बाहेरचा कान नसतो हे खरंच आहे. पण २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी सापांवर प्रयोग करून दाखवलं, की जमिनीचा कंप वगळला तरी हवेतून येणाऱ्या आवाजाला साप प्रतिसाद देतात; काही जाती जवळ येतात, काही लांब पळतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या नावाखाली आपण मुलांच्या हाती दुसरं एक पाठांतर दिलं. जुन्या वाक्याच्या जागी नवं वाक्य आलं, तपासून बघण्याची सवय काही आली नाही.

आणि चौथी गोष्ट, जी आठवली की मला अजून घाम फुटतो. तो कवड्याच होता हे कशावरून? कवड्या आणि मण्यार यांत भले भले फसतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं साधारण उलट. मानेजवळ पुसट किंवा नसलेलेच, आणि पुढे शेपटीपर्यंत बारीक, बहुधा जोडीजोडीने. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध षटकोनी मोठ्या खवल्यांची एक रांग असते. यातलं आम्हा तिघांना त्या दिवशी काहीही ठाऊक नव्हतं. मुलं बरणीला नाकं लावून उभी होती. नंतर मी मोबाईलमधला फोटो मोठा करून पाहिला, जाणकाराला दाखवला. कवड्याच होता. पण आम्ही जो नंबर दिला तो काकांच्या शब्दावर दिला. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून न राहणं हेच तर आम्ही वर्गात विज्ञान म्हणून शिकवतो!

ही सवय आली कुठून? माझ्या मते ती जत्रेतून आली. आपल्याकडे साप 'दाखवायचा' असतो. गारुडी दाखवत होता. त्याची टोपली कायद्याने बंद झाली आणि तीच टोपली आपण शाळेच्या हॉलमध्ये आणली. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याचंच बघा. तिथे नागपंचमीला जिवंत नाग पकडून त्यांची पूजा आणि मिरवणूक होत असे. उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ते थांबलं. २०२५ च्या नागपंचमीला केंद्र सरकारने तिथे पुन्हा २१ नाग पकडायची परवानगी दिली. मिरवणूक नको, खेळ नको, अशा अटी होत्या. कारण काय दिलं? शिक्षण, पारंपरिक ज्ञान पुढच्या पिढीला मिळावं म्हणून. कायद्यातच शिक्षण आणि संशोधन यांसाठी अशी वाट ठेवलेली आहे. शिराळकरांच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. नागाला भाऊ मानणाऱ्या गावाने त्याला मारलं नाही, हे मोठंच आहे. पण 'शिक्षण' हा शब्द असा वापरला गेला की मास्तर म्हणून मला टोचतं. पकडलेल्या नागाकडे पाहून त्या पाच दिवसांत कुणी काय शिकलं, हे कुणी तपासणार आहे का? की शिक्षण म्हणजे जे दाखवायला दुसरं कारण उरलेलं नाही, त्याचं नाव?

आता माझ्याविरुद्धचा सर्वांत जोरकस मुद्दा मांडतो. सर्पमित्र म्हणतात, "सर, मुलांनी साप जवळून पाहिला नाही तर भीती जाणार कशी? आणि भीती गेली नाही तर दिसला साप की मार काठी, हे थांबणार कसं?" या म्हणण्यात तथ्य आहे. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. तेव्हा महाराष्ट्रात साप या विषयावर लोक वेगळं बोलायला लागले, आणि पुढे कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं. रात्री दोन वाजता फोन आला तरी स्वतःच्या पेट्रोलने देवळाई, मिटमिटा, पडेगावला धावणारी पोरं आपल्या शहरात आहेत. त्यांच्यामुळे किती साप आणि किती माणसं वाचली असतील, याची मोजदाद नाही. त्यांना मी नावं ठेवणार नाही.

पण शाळेतल्या अशा कार्यक्रमानंतर मी मुलांच्या बाकांमधून फिरलो आहे. मुलांच्या मनात भीतीच्या जागी येतं ते धाडस. "मी पण धरला असता" असं म्हणणारी दोन-तीन मुलं प्रत्येक वर्गात निघतात आणि पुढे त्यांतलाच एखादा रीलसाठी नागाची शेपटी धरतो. बाकीच्यांची भीती त्या तासापुरती जाते आणि रात्री दिवे गेले की परत येते. साप बघायचाच असेल तर सिद्धार्थ उद्यानात जाऊन काचेपलीकडचा बघावा. त्यासाठी तो वर्गात आणायची गरज नाही.

हल्ली याच गोष्टीला नवं रूप आलं आहे. गेल्या वर्षी एका पालकांनी मला फोन केला. मुलाला प्रोजेक्ट करायचा होता. त्यांनी नेटवर शोधलं तर पाळीव सापांवरच्या प्रयोगांची भली मोठी यादी मिळाली. साप पेटीच्या गरम बाजूला जास्त बसतो की गार बाजूला? वासाने भक्ष्य ओळखतो की नजरेने? त्यांचा प्रश्न होता, "परदेशी बॉल पायथन पाळायला बंदी नाही ना सर? मग एक घेऊन टाकू का?"

मी त्यांना आधी कागदपत्रांचं सांगितलं. बॉल पायथन हा पश्चिम आफ्रिकेतला अजगर. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्राण्यांच्या यादीत तो आहे. २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करायला हवी. विकला, मेला, पिल्लं झाली तरी कळवायला हवं. मग दुसरं सांगितलं : ती यादी अमेरिकेतल्या मुलांसाठी आहे. तिथल्या एखाद्या घरात साप आधीपासून असतो, म्हणून मूल त्याच्यावर प्रोजेक्ट करतं. प्रोजेक्टसाठी साप विकत आणायचा असं तिथेही कुणी म्हणत नाही. उलट तिथल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेत पाठीचा कणा असलेल्या प्राण्यावर प्रयोग करायचा तर आधी समितीची मंजुरी लागते. मंजुरीतून सूट मिळते ती प्राण्याला हात न लावता, त्याच्या वाटेला न जाता केलेल्या निरीक्षणाला. ही सूट म्हणजेच आपल्या मुलांसाठीचा उघडा दरवाजा आहे आणि आपण मात्र बरणी शोधतोय.

शिवाय त्या प्रयोगातून निघणार काय? साप गरम बाजूला बसतो, हे पाळणाऱ्यांच्या प्रत्येक पुस्तकात छापलेलं आहे. एका सापावरून केलेलं अनुमान हे अनुमानच नव्हे. प्राणी सांभाळण्यातून मूल जबाबदारी शिकतं, हे मला मान्य. मग कुत्रं पाळा, मांजर पाळा. त्याला विज्ञान म्हणू नका.

मग विज्ञान कशाला म्हणायचं? त्यासाठी लांब जायला नको, शेजारच्या जालना जिल्ह्यात जाऊ. भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात कोकणात प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावून माणसं, विशेषतः लहान मुलं, मरत होती. डॉक्टरांकडे प्रयोगशाळा नव्हती. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी केल्या. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास, कितव्या तासाला काय झालं. त्या नोंदींतून त्यांना कळलं की माणूस मरतो तो हृदय आणि फुप्फुसांवर आलेल्या ताणामुळे. पुढे त्यावर प्राझोसिन हे साधं औषध चालतं हे त्यांनी दाखवलं, ते 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात छापून आलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. यात विंचू बरणीत घालून कुणाला दाखवला गेला नाही. वही होती, घड्याळ होतं आणि विचारायचा प्रश्न होता.

पैठण रस्त्यावरच्या त्या मुलीच्या वहीत नेमकं हेच होतं. आता आकडे ऐका. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरातले. सरकारी दप्तरातला आकडा याच्या कितीतरी पट कमी, कारण माणूस मारुतीच्या पारावर किंवा रस्त्यातच गेला तर त्याची नोंद कुठे होणार? मार्च २०२४ मध्ये केंद्राने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचा कृती आराखडा जाहीर केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून सांगितलं, की सर्पदंशाची प्रत्येक घटना कळवणं बंधनकारक करा. कोण, कुठे, कधी, काय झालं हे कळल्याशिवाय उपाय करता येत नाही.

दिल्लीने २०२४ मध्ये राज्यांकडे जे मागितलं, ते पाच वर्षं आधी आठवीतल्या एका मुलीने आमच्यापुढे टेबलावर ठेवलं होतं. आणि मी विचारलं, मॉडेल कुठंय.

त्यामुळे ज्यांना सापावर प्रोजेक्ट हवा आहे, त्यांना मी आता असे विषय सुचवतो. एक, तिच्यासारखी गावाची किंवा वस्तीची सर्पदंश वही. माणसाचं नाव न लिहिता आणि घरच्यांची परवानगी घेऊन. दोन, आपल्या गल्लीत पावसाळ्यात जमिनीवर किती जण झोपतात, किती जण खाटेवर, किती जण मच्छरदाणीत? मण्यार रात्री अंथरुणात शिरते. तिचा दंश बहुतेकदा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या जड होतात. नेपाळच्या तराईत केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना दंशाचा धोका बराच कमी आढळला होता. आपल्याकडे काय दिसतं? तीन, कवड्या आणि मण्यार, डुरक्या घोणस आणि घोणस यांचे फोटो नावं झाकून पन्नास जणांना दाखवा. किती जण ओळखतात, आणि 'मला ओळखता येतो' असं छातीठोक सांगणारे किती चुकतात? चार, घरापासून सापाच्या विषावरचं इंजेक्शन खरोखर उपलब्ध असलेला दवाखाना किती मिनिटांवर आहे, दिवसा आणि रात्री? जवळच्या केंद्रात जाऊन विचारा. बिडकीनच्या पलीकडून घाटीत पोचायला मोटरसायकलवर किती आणि १०८ ला फोन केल्यावर किती? पाच, सापाची कात दिसली तर ती न उचलता शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि खवल्यांवरून जात ओळखायचा प्रयत्न करा.

यातल्या कशालाही दोन वह्यांपेक्षा जास्त खर्च नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं पोरही हे करू शकतं. किंबहुना तेच जास्त चांगलं करेल, कारण साप त्याच्या घरामागच्या तुराट्यांत राहतो. शहरातल्या मुलाला बॉल पायथन विकत घ्यावा लागतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. आमचं प्रदर्शन झालं त्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, केरळच्या वायनाड जिल्ह्यात सुलतान बत्तेरीच्या एका शाळेत पाचवीतली मुलगी वर्गात बसलेली असताना तिला साप चावला. वर्गाच्या जमिनीत भोक होतं. तिला दवाखान्यात न्यायला शाळेने उशीर केला, असा आरोप वर्गातल्या मुलांनीच केला. मुलगी गेली. ती बातमी आम्ही तिघा परीक्षकांनी वाचली होती, हळहळलो होतो. आणि महिन्याभरात आम्ही वर्गात साप आणणाऱ्याला बक्षीस दिलं, आणि साप चावल्यावर वेळ कुठे जातो हे मोजणारीला हात हलवत परत पाठवलं.

आपल्या शाळांच्या हॉलमध्ये 'साप शेतकऱ्याचा मित्र' हे चार्ट खूप झाले. साप चावला तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, कडुलिंबाचा पाला चावून कडू लागतो का बघत बसू नका, माणसाला हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि इंजेक्शन असलेल्या दवाखान्यात न्या. एवढं प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असायला हवं, आणि ते मास्तरांनाही पाठ हवं.

विज्ञान प्रदर्शनांच्या आयोजकांना माझी मागणी दोनच ओळींची आहे. सूचनापत्रात लिहा की जिवंत किंवा मेलेला वन्यप्राणी आणल्यास प्रकल्प बाद होईल. आणि गुणपत्रिकेतून 'मांडणी व आकर्षकता'चे वीस गुण काढून तिथे लिहा, 'विद्यार्थ्याने स्वतः काय शोधलं?'

त्या मुलीचं नाव मला आठवत नाही. आता ती कॉलेजात असेल. वही तिने परत नेली. तिची झेरॉक्स काढून घ्यावी, एवढंही आम्हा तिघांपैकी कुणाला सुचलं नाही.